लॉकनटची चावी

प्रिय अहो,

हसू नका. तुम्हाला मी आयुष्यात एकच पत्र लिहिलं होतं, निखिलच्या वेळी बाळंतपणाला जालन्याला गेले होते तेव्हा. त्यातही ‘प्रिय’च्या पुढं काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘अहो’ लिहिलं. तुम्ही ते पत्र स्टोअरमधल्या सगळ्यांना दाखवलंत आणि वर मला येऊन सांगितलंतही. त्या रागानं पुन्हा कधी लिहिलं नाही. आज लिहायला बसलेय, तरी नाव लिहायला हात धजत नाही. अहोच बरं.

का लिहितेय ते सांगते. उद्या सकाळी निखिल पुण्याहून येतोय. गाडी विकायची ठरलीय. अकरा महिने ती खाली पार्किंगमध्ये एका बसक्या चाकावर उभी आहे. तुम्ही हौसेनं आणलेलं करडं कव्हर पार विरून गेलंय आणि त्याच्यावर मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. पडेगावचा एक माणूस गाडी घ्यायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे. त्याला तुमची चाकं नकोत! कंपनीची जुनी, लहान चाकं परत बसवून द्या म्हणाला. “एवढाली चाकं लावून मला काय वरातीत जायचंय का?” असं म्हणाला तो निखिलला. ऐकलंत?

मला वाटलं होतं, असं कुणीतरी म्हणालेलं ऐकून मला बरं वाटेल. नाही वाटलं.

काल निखिलचा फोन आला होता. “आई, सलीमभाई येतेत उद्या दहाला चाकं बदलायला. लॉकनटची चावी सापडली का विचारत होते. नसंल तर नट फोडून काढावा लागंल, रिम खराब होतं म्हणे. बघ जरा घरात. पप्पांनी कुठं टाकून दिली असंल, काय भरवसा!”

मी म्हटलं, बघते.

बघते म्हणाले! त्यावर नंतर येते. आधी तुम्हाला जे बोलायचं ते बोलून घेते, कारण तुम्ही असताना मी निम्मंच बोलायचे आणि निम्मं भांड्यांवर आपटायचे.

तुमची ती चाकांची हौस मला शेवटपर्यंत कळली नाही. एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतात. बोल्ट, वायसर, बेअरिंग, लोकांनी मागायचं आणि तुम्ही मोजून द्यायचं. तीच सवय घरी. घरातल्या प्रत्येक चावीला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर तुमचं मुंगीएवढं अक्षर. ‘मागचं दार’. ‘गच्चीची टाकी’. ‘सौ.ची ट्रंक’. त्या ट्रंकेत सौ.च्या चार साड्या आणि तुमच्या आईनं दिलेलं तांब्याचं घंगाळ, त्याला कुलूप कशाला हवं होतं? पण तुमच्या हातून कधी एक वायसर इकडची तिकडं झाली नाही. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात तसं म्हणाले आणि पुढं महिनाभर तुम्ही ते वाक्य आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवलंत. मी आतून ऐकायचे आणि हसायचे. अभिमानही वाटायचा, तेव्हा सांगितलं नाही.

रिटायर झालात आणि ही सेकंडहँड गाडी घेतलीत. तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. दुसऱ्याच दिवशी तुम्ही खाली जाऊन गाडीभोवती तीन चकरा मारल्यात आणि वर येऊन म्हणालात, “चाकं लई बारीक दिसतेत. थोराड माणसानं लेकराच्या चपला घातल्यावानी.”

“चालते ना गाडी?” मी म्हटलं.

“चालती गं. पर चालणं येगळं आणि दिसणं येगळं.”

साठीला आलेला माणूस! स्वतःच्या बनियनला दोन भोकं पडलेली, आणि गाडी दिसावी कशी याची काळजी!

आता त्या दिवसाचं बोलते. माझ्या गुडघ्याच्या एक्सरेचा तो दिवस होता. दोन महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. सकाळी निघालो, तर तुम्ही म्हणालात, जाता जाता सलीमभाईकडं पाच मिनिटं थांबू, चाकं आलीत ती नुसती बघून घेऊ. जालना रोडवरच्या त्या टायरच्या दुकानात मला बाकड्यावर बसवलंत. समोर काळ्या टायरांच्या उतरंडी, रबराचा वास, आणि तुमची ती चार अलॉय व्हील पुठ्ठ्याच्या खोक्यांतून बाहेर निघत होती. तुमचा चेहरा असा काही झाला होता! निखिल झाला तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहून एवढं हसला नव्हतात, देवाशपथ सांगते.

सलीमभाईंनी तुम्हाला समजावलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी स्वतः ऐकलंय. ते म्हणाले, “साब, नक्को. ये गाडी को चौदा इंचीच चाक अच्छा. सोला डाले तो रबर की पट्टी पतली हो जाती. अपने रोडां देखे ना? एक खड्डा जोर से लगा के बाजू से फटा टायर. बाजू से फटा तो पंक्चर भी नई निकलता.”

तुम्ही म्हणालात, “मी हळू चालवतो, सलीमभाई.”

“हळू चालवो तो बडा चाक कायको लगारे?” ते म्हणाले आणि तुम्ही दोघंही हसलात. मग मशीनवर टायर चढले. चाक वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासत होतं, तर ते प्लास्टिक कापून घेतलंत. एका एका चाकाला चार नट. तीन साधे आणि चौथा कुलपाचा, चोरांनी चाकं काढून नेऊ नयेत म्हणून. तो नट साध्या पान्यानं निघत नाही. त्याची वेगळी चावी, चावी कसली, अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. त्याच्या पोटात फुलासारखी खाच. तो नटावर बसवायचा आणि वरून पाना लावायचा. सलीमभाईंनी तो तुमच्या हातावर ठेवला आणि मूठ मिटवून दिली. “ये गाडीच में रखो साब. घर में नक्को. लोगां संभालके घर में रखते, फिर रोड पे रोते बैठते.”

मी बाकड्यावर बसून ऐकत होते. हे लक्षात ठेवा, मी ऐकत होते.

दुकानातून निघालो तेव्हा चार वाजले होते. एक्सरेवाला गेला. तुम्ही साधं ‘राहिलं की गं’ एवढंच म्हणालात. आणि गाडीत बसायला गेले तर पाय वर जाईना! दीड इंचानं गाडी उंच झाली होती. मी दाराला धरून उभी, आणि तुम्ही पलीकडून, “दीड इंचानं काय हुतंय?” काय होतंय ते माझ्या गुडघ्यांना विचारायचं होतं. घरापर्यंत प्रत्येक खड्डा थेट गुडघ्यात येत होता. त्या दिवसापासून मी तुमच्या गाडीत बसले नाही. तुम्ही ‘चल’ म्हणायचात, मी ‘काम आहे’ म्हणायचे. एकदाही तुम्ही विचारलं नाहीत, का गं, काय झालं? नाही विचारलंत. सांगा बरं, विचारलं होतंत?

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला तुम्ही पाट मांडलात. दरवर्षी त्यावर तुमची पक्कड, हातोडी आणि माझी कात्री असायची. या वेळी गाडीचा जॅक, पाना, हवा मोजायचा तो काटा, आणि मध्यभागी ती लॉकनटची चावी, पुठ्ठ्यासकट. हळदकुंकू वाहिलंत, झेंडू वाहिला. पाटावर मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, म्हणून तुम्ही नवमीला दिवसभर गाडी काढली नाहीत. दसऱ्याला मात्र खाली जाऊन चारही चाकांना गंध, चारही चाकांना माळा. संध्याकाळी सणाला आलेल्या निखिलला घेऊन कर्णपुऱ्याच्या जत्रेला गेलात. मी घरी गुडघा शेकत बसले होते. परत आलात ते आरडतच, “लोकं वळून वळून बघत हुते! इचार निखिलला!” सोनं द्यायला माझ्याकडं आलात तेव्हा हातात एकच आपट्याचं पान उरलं होतं, बाकीची पार्किंगमधल्या लोकांना वाटून झाली होती.

एवढ्याशा गोष्टी आहेत. मला माहीत आहे. पण माणूस काय रोज मोठ्या गोष्टीनंच दुखावतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट आवरायला मी बसले. तुम्ही जॅक घेतलात, पाना घेतलात, काटा घेतलात आणि जिना उतरायला लागलात. चावी झेंडूच्या फुलांखाली होती, तुम्हाला दिसली नाही. निर्माल्य गोळा करताना माझ्या हाताला लागली.

आणि ती मी माझ्या खणात टाकली, अहो. कपाटातल्या खालच्या खणात, जिथं माझा गुडघ्याचा पट्टा आणि तेलाची बाटली असते तिथं. तुम्ही जिन्यातून ओरडलात, “लॉकनटची चावी गाडीत गेली का?”

मी म्हटलं, “गेली.”

तुम्ही वर येऊन बघितलं नाहीत! जो माणूस स्टोअरमध्ये साहेबांनी दिलेली वस्तूसुद्धा स्वतःच्या हातानं मोजल्याशिवाय आत घ्यायचा नाही, त्यानं माझ्या एका ‘गेली’वर मान हलवली आणि तो गाडी पुसायला गेला. आजवर तुम्हाला नावं ठेवली ती माझं ऐकत नाही म्हणून ठेवली. मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, असं नेमकं त्याच दिवशी का व्हावं?

मला काय हवं होतं ते सांगू? तुम्ही ती शोधावी. गाडी पालथी घालावी, घर पालथं घालावं आणि शेवटी माझ्यासमोर येऊन म्हणावं, ‘सुमे, बघ गं जरा.’ मग मी दोन दिवस ताटकळत ठेवणार होते आणि मग देणार होते. त्या खणातून काढून, म्हणजे तो पट्टाही तुम्हाला दिसला असता. एवढंच होतं माझ्या मनात. पण तुम्ही शोधलीच नाहीत. ती गाडीत आहे अशी तुमची खात्री होती. एक दिवस गेला, दोन गेले, आणि मीही चालढकल केली. मग विसरले असं म्हणायचा मोह होतो. विसरले नव्हते. तेलाची बाटली काढताना रोज दिसत होती.

पाचव्या दिवशी तुम्ही बाजारातून एक स्टूल घेऊन आलात. निळं, प्लास्टिकचं, बुटकं. मी म्हटलं, हे कशाला? तर दुसरीकडं बघत म्हणालात, “तुला चढाया. मोजून आणलंय. आठ इंच.” मग हळूच, “चल, दौलताबादला जाऊ. सीताफळं आली असतेल.”

काय करायचं हो तुमचं! तीन महिने वाट पाहिली तेव्हा काही नाही, आणि मी खणात चावी दडवून बसले असताना स्टूल आणायची बुद्धी झाली!

गेलो. पार्किंगमध्ये तुम्ही स्टूल मांडलंत, माझा हात धरलात, समोरून वॉचमन बघत होता तरी धरलात. मी चढले, तुम्ही स्टूल उचलून डिकीत टाकलंत. छावणी गेली, पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. तुम्ही खरंच हळू चालवत होता. मला गुडघ्याला धक्का बसू नये म्हणून खड्डा दिसला की नांगर टाकल्यासारखे थांबत होता. मला वाटलं, संध्याकाळी घरी गेल्यावर चावी गाडीत ठेवून देऊ, काही बोलायचंच नको. असं अगदी ठरवलं होतं मी. किल्ला दिसायला लागला, आणि समोरून एक ट्रक अंगावर आला म्हणून तुम्ही गाडी डावीकडं घेतलीत. ठक्क! एवढाच आवाज झाला. खाली उतरून पाहिलं तर टायर बाजूनं फाटला होता, सलीमभाई म्हणाले होते तसाच.

तुम्ही घाबरला नव्हतात. उलट हुरूप आला होता तुम्हाला. डिकीतून स्टेपनी काढलीत, ती बिचारी अजून जुनीच, लहान. जॅक लावलात. मला स्टूल काढून रस्त्याकडेच्या सीताफळवालीच्या सावलीत बसवलंत. एक नट काढलात, दोन काढले, तीन काढले. मग डॅशबोर्डचा कप्पा उघडलात. सीटखाली पाहिलंत. डिकीतली सतरंजी उचललीत. मी बघत होते.

“सुमे, चावी गाडीत ठिवली हुती ना?”

तेव्हा सांगायला हवं होतं. घराची एक किल्ली शेजारी असते. कुणीही स्कूटरवर अर्ध्यापाऊण तासात आणून दिली असती. फार तर तुम्ही चिडला असता, चार दिवस अबोला धरला असता. पण त्या सीताफळवालीसमोर, तुम्ही आणलेल्या स्टुलावर बसून, ‘मी दडवली’ असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, “मला काय माहीत? तुम्हीच ठेवली असेल कुठंतरी.” आणि तेवढ्यावर थांबले नाही. “लावा आणखी मोठी चाकं,” असंही म्हणाले.

तुम्ही सलीमभाईंना फोन लावलात. त्यांचं बोलणं मला तिथवर ऐकू येत होतं. “बिगर चाबी के छेडो नक्को साब, मैं सामान लेके निकलताच हूं. एक घंटा.” तासभर थांबायचं होतं फक्त. सीताफळं खात थांबलो असतो. पण माझं ते बोलणं तुम्हाला झोंबलं. एकतीस वर्षं ज्याच्या हातून वस्तू हरवली नाही, त्याच्या हातून हरवली, आणि तीही बायकोसमोर! तुम्ही रस्त्यातला दगड घेतलात आणि साधा पाना त्या नटावर ठोकून बसवायला लागलात. मग पान्यावर उभं राहून जोर लावलात. शर्ट पाठीला चिकटला होता. सीताफळवाली म्हणाली, “दादा, ऊन लई हाय, बसा की वाईच.” तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही कुणाचं ऐकत होता म्हणा! पाना सटकला, तुम्ही खाली बसलात, आणि छातीवर हात ठेवून म्हणालात, “पित्त झालंय.”

मी उठून स्टूल तुम्हाला दिलं. चेहरा राखेसारखा झालेला. सीताफळवालीनं रिक्षा थांबवली. रिक्षावाला उतरून आला, “चलो चाचा, दवाखान्यात सोडतो.” आणि तुम्ही काय म्हणालात?

“गाडी सोडून कसं येऊ? चाकं काढून नेतेल लोकं.”

अहो, जो नट तुमच्यानं निघेना, तो चोरांच्यानं कसा निघणार होता? एवढं साधं गणित! सीताफळवाली म्हणत होती, “मी बसते की गाडीपाशी, माझं पोट हाय इथं, मी कुठं जाती?” मी हात ओढत होते. तुम्ही मान हलवत होता. वीस-पंचवीस मिनिटं तशीच गेली. शेवटी त्या रिक्षावाल्यानं आणि तिनं मिळून तुम्हाला उचलून आत घातलं, तेव्हा तुम्ही नको म्हणायच्या पलीकडं गेला होतात. मिटमिट्याच्या आसपास तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी बोलत राहिले. काय बोलत होते आठवत नाही, पण चावीचं बोलले नाही. तेव्हाही नाही.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. तो अर्धा तास तुमचा, हे मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. चार चाकांसाठी मला टाकून गेलात! हा राग माझ्याजवळ तसाच आहे. तुमच्या फोटोला हार घालतानाही असतो, आज लिहितानाही आहे. पण त्याच्या आधीचं सगळं माझं आहे.

निखिल त्याच रात्री आला. त्यानं विचारलं, चावी कुठं होती? मी म्हटलं, पप्पांनी हरवली. तिसऱ्यांदा खोटं बोलले, आणि हे सगळ्यात वाईट, कारण या वेळी उलट उत्तर द्यायला तुम्ही नव्हता. तेव्हापासून तो तुमच्यावर चिडून आहे. दिवसांच्या वेळी लोकांसमोर म्हणाला, “हौसेपायी गेले. एवढे व्यवस्थित म्हणवायचे, आणि एक चावी सांभाळता आली नाही.” सलीमभाई भेटायला आले होते. ते मान खाली घालून म्हणाले, “मैंने बोला था भाभी, गाडीच में रखो करके. साब ऐसे भूलनेवाले आदमी नई थे.” मी त्यांना चहा दिला आणि आत गेले. गाडी ओढून आणली त्यांनीच. स्टूलही आणलं. त्या सीताफळवालीनं जपून ठेवलं होतं.

आता वर्षश्राद्ध आलंय, तर निखिल म्हणतो, साधंच करू, त्यांच्या स्टोअरच्या लोकांना बोलवायला नको, काय सांगायचं त्यांना? कळतंय का तुम्हाला? तुमच्याजवळ मिरवण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते मी तुमच्याकडून काढून घेतलं. तेही तुम्ही गेल्यावर.

चावी आत्ता माझ्यासमोर आहे. दुपारची वेळ आहे, घरात कुणी नाही. तिच्या पुठ्ठ्यावर तुमचं अक्षर आहे, अजून हळदीचा डाग आहे त्याला. ‘लॉकनट. गाडीतच ठेवणे.’ अकरा महिन्यांत मी ते किती वेळा वाचलं असेल! दोनदा विहिरीत टाकायला म्हणून पदराला बांधून नेली, आणि पुठ्ठ्यासाठी परत आणली. उद्याही गप्प बसले तर काय होईल? सलीमभाई नट फोडतील, रिम खराब होईल, पडेगाववाला गाडी घेऊन जाईल, आणि तुम्ही कायमचे चावी हरवणारे होऊन बसाल. कुणाला कळणार नाही. मला मोह होतोय, खोटं कशाला सांगू?

निखिल काय म्हणेल, याची भीती वाटते हो. तुम्ही गेलात, आता तोच आहे. त्यानं बोलणं टाकलं तर मी कुणाकडं बघायचं? ‘आई, तू?’ एवढंच जरी म्हणाला तरी मला पुरेल. तुमच्यावर चिडायला तुम्ही तरी समोर नाही आहात. मी समोर असेन.

तरी वचन देते. लग्नात दिलेली किती पाळली ते तुम्ही जाणता, हे मात्र पाळीन. उद्या दहाला सलीमभाई येतील, त्यांनी हातोडी उचलायच्या आधी मी ही चावी पुठ्ठ्यासकट निखिलच्या हातावर ठेवीन. सलीमभाईंच्या देखत. सांगेन की तुझ्या पप्पांनी काही हरवलं नव्हतं, त्यांनी मला विचारलं होतं आणि मी ‘गेली’ म्हणाले होते. मग तो काय बोलायचं ते बोलू दे. मला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून खाली जाताना ते निळं स्टूल नेईन. तुम्ही गेल्यापासून त्यावर बसले नाहीये. उद्या गाडीजवळ मांडून बसेन, आणि तो चौथा नट निघेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
सुमन